ओव्हरलँडिंग म्हणजे गाडी की मुक्काम? नाशिककरांनो, बोला

गंगापूररोडकर

परवा आमच्या रविवारच्या मिसळ कंपूत चांगलीच जुंपली. एकाने नवी थार घेतलीय, टपावर तंबू चढवलाय आणि तेव्हापासून तो स्वतःला ओव्हरलँडर, म्हणजे गाडीतच मुक्काम करत लांबलांब फिरणारा, म्हणवून घेतो. दुसऱ्या काकांकडे जुनी इको व्हॅन. ते आणि काकू कच्छ, माळवा असं कुठेही जातात आणि गाडीतच झोपतात. थारवाला सहज बोलून गेला, "काका, तुमची ती सहल हो. ओव्हरलँडिंग वेगळं." काका अर्धी मिसळ टाकून उठले. रस्सा मात्र संपवला होता.

मला वाटायचं की या प्रकारात अंतर महत्त्वाचं. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची सहा पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेली. वाटेत आसामातून लेडो रोडने ब्रह्मदेशात उतरली. १९५७ साली तर लंडनहून कलकत्त्याला चक्क प्रवासी बस आली. त्या बसमधल्या लोकांकडे कुठे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी होती? पण मुलुख बदलताना खिडकीतून बघत बघत ते इथवर आले. मला तरी हेच खरं वाटतं. विमानाने उडी मारली की मधलं सगळं हुकतं.

तुमच्यासाठी गाडीने फिरणं म्हणजे काय, ते सांगा. शिवाय एक स्वार्थी प्रश्न. नाशिकपासून दोनेक तासांत गाडी लावून निवांत रात्र काढता येईल अशी जागा कुठे? सापुतारा सांगू नका. भंडारदराही नको. काजव्यांच्या दिवसांत तिथे काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त असतात.

सातपूर_फोरबायफोर

तो थारवाला मी नाही, हे आधीच सांगतो. पण थारवाला आहे. एमआयडीसीत नोकरी, त्यात गाडी आपल्याच गावात बनते, मग दुसरी कोणती घेणार?

लोक सामानाला हसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जोरात ओढणारे जादा गिअर, दिखाव्यासाठी नसते. दगडांच्या चढावर साध्या गाडीला वेग धरावा लागतो, क्लच जाळावा लागतो आणि चाक उसळलं की गाडी कुठेही आपटते. लो रेंजमध्ये तीच गाडी मुंगीच्या पावलाने चढते आणि चाक कुठे ठेवायचं ते तुमच्या हातात राहतं. इगतपुरीला महिंद्राची ऑफरोड शिकवणारी अकादमी आहे. तिथे पहिला धडा गाडी हळू चालवण्याचा असतो. इंजिनचा आवाज करणाऱ्याला तिथे कुणी विचारत नाही.

माझ्यासाठी मुद्दा कुणावर अवलंबून न राहण्याचा आहे. पाण्याचे कॅन, हवा भरायचा कंप्रेसर, पंक्चरचं किट, ओढायचा पट्टा, दोन दिवसांचा शिधा. हॉटेल बंद असो, रस्ता खचलेला असो, माझं अडत नाही. इको घेऊन हायवेने जाणं छानच आहे, पण रस्ता संपल्यावर काय?

उगाच_चिमटा

रस्ता संपल्यावर कॉलेज रोड सुरू होतो. नव्वद टक्के थार तिथेच असतात.

सातपूर_फोरबायफोर

आलात का. खोल पाण्यात इंजिनला वरून हवा देणारा स्नॉर्कल कशाला लावलाय हेही विचारून घ्या.

उगाच_चिमटा

पावसाळ्यात द्वारका सर्कल ओलांडायला. एवढं कळतं मला.

कांदेगाडी

आमचं पण ऐका. निफाड तालुक्यात घर, घरच्या दोन ट्रक. मी स्वतः बरीच वर्षं स्टेअरिंगवर होतो, आता पोरगा आणि एक ड्रायव्हर बघतात. लासलगाव, पिंपळगावहून कांदा भरायचा आणि धुळे, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर करत बंगालच्या बॉर्डरला घोजाडांग्याला टाकायचा. दोन हजार किलोमीटरच्या जवळपास. टपावर तंबू नाही, पण केबिनमध्ये मागची बर्थ, पडदा, देवाचा फोटो. घरच आहे ते.

कुणावर अवलंबून नाही असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. ट्रकवाला सगळं सोबत ठेवतो. पाच किलोचा सिलिंडर, कुकर, तांदूळ, डाळ, लसूण चटणी, पाण्याचा ड्रम. गाडीच्या आडोशाला, वाऱ्याची बाजू सोडून, चाकापाशी शेगडी मांडायची. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत क्लीनर हातोडी घेऊन टायर ठोकत फिरतो. आवाज बद्द आला की समजायचं, हवा कमी. सगळी तयारी असते, तरी रात्री झोपायचं कुठे हे आपल्या हातात नसतं. निर्जन जागी थांबलात तर डिझेल जातं, ताडपत्री कापून गोण्या जातात. मग ठरलेला धाबा, ठरलेला पंप. मालक ओळखीचा, दिवा रात्रभर चालू, राखणदार जागा. तिथे जेवण भिकार मिळालं तरी तिथेच थांबायचं. झोप लागते ना.

१४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली तेव्हा आमची गाडी बॉर्डरच्या लायनीत होती. पुढे जाता येईना, माल उतरवता येईना. दमट हवेत कांद्याला कोंब यायला लागले, खालच्या थराला पाणी सुटलं. त्या दिवसांत ड्रायव्हरला रोज आंघोळीला पाणी कुणी दिलं? रस्त्याकडेच्या एका बंगाली म्हातारीने. भाषा कळत नव्हती. ह्यानं तिला गोणीतला बरा कांदा निवडून द्यायचा आणि तिनं बादली द्यायची.

आता सांगा, हे तुमच्या ओव्हरलँडिंगमध्ये बसतं का? आम्ही त्याला भाडं म्हणतो.

मखमलाबाद_नाका

दंडवत. धाग्यातला आतापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद.

निर्यातबंदी म्हणजे शेतकऱ्याच्या

संपादक

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. कांद्याच्या राजकारणावर स्वतंत्र धागा आहे, तिथे लिहा.

मीनल_देवळाली

ते अर्धी मिसळ टाकून उठलेले काका आमच्याच घरात राहतात. घरी येऊन पोहे मागितले, तेव्हाच मला संशय आला होता.

आमची इको अगदी साधी आहे. मधलं सीट पुढे दुमडायचं, त्यावर प्लायची घडीची फळी, वर गादी. सीटं काढलेली नाहीत, कारण कागदपत्रांत जेवढी सीटं आहेत तेवढी गाडीत दिसायला हवीत. एक गंमत सांगते. इकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. दिवसभर गाडी चालवली की संध्याकाळी पुढचा भाग तापलेला असतो, म्हणून डोकं मागच्या दाराकडे करून झोपायचं. काचा दोन बोटं खाली आणि दाराच्या पत्र्यावर चुंबकाने चिकटणारी मच्छरदाणी. ती मी घरीच शिवली, जुन्या पडद्याच्या काठाला चुंबकाच्या टिकल्या घालून. विकतच्या महाग जाळीपेक्षा ती बरी, कारण दार उघडताना निघत नाही.

पण खरं सांगू का? पुरुष या विषयावर लिहितात तेव्हा टायर, डिझेल आणि डोंगर. बाईचा सगळा प्रवास एका प्रश्नाभोवती फिरतो: संडास कुठे आहे आणि त्याला आतून कडी आहे का. मी संध्याकाळी पाचलाच शोध सुरू करते. मोठा पंप दिसला की आधी मी उतरते, संडास बघून येते, मग हे डिझेल भरतात की नाही ते ठरतं. (पेट्रोल. आमची पेट्रोलची आहे. कांदेगाडींचं वाचून डिझेल आलं बोटांत.) मग मॅनेजरला विचारायचं, "आम्ही दोघं म्हातारी, रात्रभर गाडी कडेला लावू का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, वर कॅमेऱ्याखाली लावा असंही सांगतात. धर्मशाळेच्या अंगणात, गुरुद्वाऱ्याच्या वाहनतळावर विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत. ओंकारेश्वरला, मांडूला असंच राहिलो.

निर्जन तळ्याकाठी सूर्यास्ताचा फोटो मलाही आवडतो. रात्र मात्र मी कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यातच काढते. याला सहल म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

स्प्लेंडर_जिंदाबाद

मीनलताई, काकांना माझ्याकडून एक मिसळ.

आमचा पंथ वेगळा. शंभर सीसी, मागे एक बॅग, एक ताडपत्री. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे ते ७०१ किलोमीटर आमच्यासाठी नाहीतच. सिन्नरवरून जुन्या रस्त्यानेच पूर्वेला निघायचं. तक्रार नाही. जुन्या रस्त्यावर गाव येतं, गावात पारावर चार माणसं बसलेली असतात, आणि स्प्लेंडर बघून "कुठून आलं पाव्हणं?" असं विचारतात. मोठ्या गाडीची काच वर असते, तिला कोण विचारणार? स्पितीत काझापर्यंत याच गाडीवर गेलो. बिघडली तर कुठल्याही गावातला मेकॅनिक हिला आईच्या नावाने ओळखतो.

सातपूर_फोरबायफोर

काझाला रात्री कुठे झोपलास? थंडीत ताडपत्रीत?

स्प्लेंडर_जिंदाबाद

होमस्टेमध्ये. वेडा आहे का मी.

वाघाडचा_बांध

बराच वेळ वाचतोय. आता लिहितोच.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या कडेला आमची जमीन आहे. तुम्ही सगळे 'निवांत जागा' शोधता ना, तशी जागा म्हणजे आमची. फेब्रुवारी-मार्चला पाणी मागं सरकतं, मोकळं हिरवं मैदान दिसतं आणि शनिवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. ते मैदान नसतं भाऊ. ती गाळपेर असते. धरणाचं पाणी ओसरलं की उघडी पडलेली जमीन सरकार शेतकऱ्याला एका हंगामापुरती पिकाला देतं. आम्ही तिच्यात हरभरा, भाजी, चाऱ्याची पिकं घेतो. कोवळं पीक गवतासारखं दिसतं म्हणून त्याच्यावर गाडी घालायची का?

आणि फसणं. गाळ वरून वाळून तडकतो, माणूस चालला तर काही होत नाही. खाली हातभर ओला असतो. दोन टनाची गाडी आली की पापुद्रा फुटतो आणि चाक आत. मग हे लोक काय करतात, तर ॲक्सिलरेटर दाबतात. चाक फिरतं, गाळ टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी पोटावर बसते. तिथे फोर बाय फोर असलं तरी चारही चाकं एकदम गुळगुळीत, एवढाच फरक. मग रात्री अकराला आमचं दार वाजतं, "काका, ट्रॅक्टर मिळेल का?" काढून देतो. पण साखळी बंपरला बांधू नका म्हटलं तर ऐकत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एकाचा बंपर ट्रॅक्टरसोबत आला आणि गाडी तिथंच राहिली. ओढायचा हूक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून आत आट्यात बसवायचा. लाखांची गाडी घेता आणि हूक कुठं आहे ते माहीत नसतं.

बाटल्यांबद्दल लिहीत नाही. लिहिलं तर संपादक काढतील.

गंगापूररोडकर

हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. गाळपेरीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. दादा, मग लोकांनी विचारून यावं की येऊच नये?

वाघाडचा_बांध

विचारून या ना. गावात पाणी नाही, लाइट नाही असं काही नाही. आमच्याकडं पाणीवापर संस्था आहेत, धरणाचं पाणी शेतकरी स्वतः वाटून घेतात, बाहेरून लोक बघायला येतात. तशी माणसं आम्हाला जड नाहीत. दिवसाउजेडी या, पहिल्या घरी थांबा, कुणाची जमीन आहे ते विचारा. मालकीची असेल तर मालक सांगेल. धरणाची असेल तर तिथं परवानगी कुणी देऊ शकत नाही, मग आमच्या खळ्यात लावा गाडी.

पर्थ_ते_पंचवटी

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, मूळचा पंचवटीचा. वरच्या प्रतिसादावरून आठवलं. इथे या प्रकारातली सगळ्यात मानाची वाट म्हणजे कॅनिंग स्टॉक रूट. साधारण १८५० किलोमीटर, मध्ये वाळवंट, वाळूच्या टेकड्या. लोक वर्षभर तयारी करतात, डिझेलचे पिंप आधी पाठवून ठेवतात, वाळूत शिरताना टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास आणतात.

ती वाट मुळात गुरं हाकत बाजारात न्यायला आखलेली. १९०६ मध्ये कॅनिंगने पाहणी केली, पुढे पन्नासच्या आसपास विहिरी खोदल्या. पाणी कुठे आहे हे त्याला कुठून कळलं? तिथल्या मूळ रहिवाशांना साखळदंडाने बांधून, त्यांच्याकडून शोधून घेतलं. १९०८ साली त्यावर चौकशी आयोगही बसला होता. आज त्याच वाटेवर जायचं तर बऱ्याच भागासाठी तिथल्या मूळ रहिवासी समाजांच्या जमिनीचा परवाना काढावा लागतो. माझ्या ओळखीतले काही गोरे यावर कुरकुरतात. मला तो परवान्याचा कागद त्या सगळ्या प्रवासातली सर्वांत योग्य गोष्ट वाटते.

कायद्याचं_बोला

थोडा रुक्षपणा. कुणी परदेशाचं स्वप्न बघत असेल तर आपली गाडी सध्या फार लांब जात नाही. पाकिस्तानात जाणारा अटारीचा नाका एप्रिल २०२५ पासून बंद. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्कराने सत्ता घेतल्यापासून मणिपुरातल्या मोरेमार्गे थायलंड हा मार्ग जवळपास संपला. धागाकर्त्यांनी ज्या लेडो रोडचं लिहिलंय तोही त्याच देशात जातो. राहिले नेपाळ आणि भूतान. नेपाळला सीमेवर भन्सार, म्हणजे गाडीचं सीमाशुल्क, भरायचा. भूतानमध्ये भारतीयांना माणशी रात्रीमागे १२०० रुपये शुल्क आहे. गाडी जहाजाने पाठवून पुढे फिरणारेही आहेत. त्यांना कार्ने नावाचं गाडीचं पारपत्र लागतं, ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. गाडीच्या किमतीच्या हिशोबाने मोठी हमी ठेवावी लागते. तिथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो.

देशात फिरताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. पुढचे लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७ पासूनच बेकायदा आहेत. एअरबॅगच्या सेन्सरला त्यांचा अडथळा होतो, हे कारण पटण्यासारखं आहे. झोपायची सोय कायदेशीरच हवी असेल तर कॅराव्हॅन भाड्याने घ्या. राज्याचं २०२१ पासून त्यासाठी धोरण आहे.

उगाच_चिमटा

म्हणजे मीनलताईंची प्लायची फळी कायदेशीर आणि अर्ध्या कॉलेज रोडचे गार्ड बेकायदा. काका जिंकले.

त्र्यंबकेश्वरी

आमच्याकडचा प्रकार कुणीच लिहिला नाही. निवृत्तिनाथ महाराजांची पालखी दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते. माणसं पायी, पण प्रत्येक दिंडीची एक गाडी असते. ट्रक किंवा आयशर, सोबत पाण्याचा टँकर. पहाटे वारकरी चालायला लागले की इकडे राहुट्या उतरवायच्या, पिशव्या चढवायच्या, भांडी, सरपण, पिठाची पोती, आणि गाडी पुढच्या मुक्कामाला. वारकरी पोहोचायच्या आत चुली पेटलेल्या हव्यात. माझा मामा अनेक वर्षं ती गाडी सांभाळतो. पायी चालण्याचं पुण्य त्याच्या वाट्याला नाही. लोक डिवचतात, "तुम्ही तर गाडीतले वारकरी." तो म्हणतो, "मी नसतो तर तुम्ही सिन्नरहून परत आला असता."

मुक्कामाची गावं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. कुणाचं रान, कुणाची विहीर, पहिली पंगत कुणाच्या दारात, सगळं ठरलेलं. एखाद्या वर्षी रानात पीक उभं असलं तर शेतकरी आधीच निरोप धाडतो आणि शेजारचं रान मोकळं करून देतो.

सातपूर_फोरबायफोर

वाघाडच्या दादांचं वाचल्यापासून ग्रुपवर तोच विषय चालू आहे. आमचे लोक तिकडे येतात, हे खरं. ग्रुपमध्ये ठरवलंय की ट्रॅक दाखवणारा स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय धरणांच्या पोटात गाड्या घालायच्या नाहीत, आणि त्याला पैसे द्यायचे. दोघांनी विरोध केला, "मग मजा काय राहिली" म्हणून. त्यांना मी कांदेगाडींचा प्रतिसाद पाठवला.

पण माझं मत पूर्ण बदललेलं नाही हं. तयारी हवीच. नुसते डबे, सतरंज्या घेऊन जंगलात शिरणारे आणि मग मदतीला हाका मारणारेही मी पाहिलेत.

कांदेगाडी

तयारी हवीच, कोण नाही म्हणतं. हातोडी ठेवता का गाडीत?

सातपूर_फोरबायफोर

ट्यूबलेस आहेत हो. गेज आहे, कंप्रेसर आहे.

कांदेगाडी

गेजची बॅटरी संपली की कळेल.

गंगापूररोडकर

वाघाडच्या दादांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, त्यांनी इथेच लिहा म्हणून सांगितलं. तर येत्या शनिवारी चार गाड्या: माझी वॅगनआर, इकोवाले काका-काकू, सातपूरकर, आणि स्प्लेंडर. दादांच्या खळ्यात लावायच्या. जेवणाचं सामान आम्ही आणतो. चालेल का? मीनलताई, संडासाचं दादांना आधीच विचारलंय. आहे, आणि कडीही आहे.

वाघाडचा_बांध

या शनिवारी नको. द्राक्षांची गोडी छाटणी चालू आहे, खळ्यात मजूर उतरलेत, जागा नाही. पुढच्याला या, दिवस मावळायच्या आत. वणी रस्त्याने येऊ नका, खड्डे आहेत. दिंडोरीवरून वळा. आणि वॅगनआर खळ्यापर्यंत येते. थार रस्त्यावर लावावी लागेल, फाटकाची कमान ठेंगणी आहे, तंबू अडकेल.